कासराभर ऊन

माझ्या धाकट्या भावाला धावण्याचा नाद आहे. तो बंगळूरला नोकरी करतो आणि नोकरीतून उरलेल्या वेळात धावतो. कोणी मागे लागलेले नसताना माणसाने चाळीस-चाळीस किलोमीटर का धावावे, हे कोडे मला आजवर उलगडलेले नाही. पण मी ते त्याला कधी विचारले नाही. विचारले असते तर त्याने मलाही धावायला लावले असते! या धावणाऱ्या मंडळींच्या मनगटावर हल्ली एक भलेमोठे घड्याळ असते. ते वेळ तर सांगतेच, पण आपण किती धावलो, कोणत्या वाटेने धावलो, काळीज मिनिटाला किती वेळा धडधडले, रात्री झोप कशी लागली, हेही सांगते. पूर्वी जी चौकशी घरातली वडीलधारी माणसे करीत, ती आता मनगटावरच होते म्हणा ना.

२०२४ च्या दिवाळीत तो आंबीला आला तेव्हा त्याच्या हातावर नवे घड्याळ होते. जुने, म्हणजे उत्तम चालू असलेलेच, त्याने पिशवीतून काढून आमच्या अण्णांच्या पुढे ठेवले.

“अण्णा, हे तुम्हांला. याला रोज किल्ली द्यायला नको. हे उन्हावर चालतं.”

अण्णांनी ते उलटसुलट करून पाहिले. कानाशी नेले. टिकटिक नाही असे पाहून मान हलवली. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

“आणि पावसाळ्यात?”

भाऊ हसला. मीही हसलो. मावळात जन्म काढलेल्या माणसाने विचारायचा तोच तर प्रश्न होता!

किल्लीचा उल्लेख मात्र भावाने सहज केलेला नव्हता, आणि तो का केला हे सांगितल्याखेरीज पुढची हकीकत कळायची नाही. अण्णा मावळातल्या शाळांतून मास्तर होते. नोकरीला लागल्यावर पहिल्या काही वर्षांची शिल्लक खर्चून त्यांनी एच.एम.टी.चे ‘जनता’ घड्याळ घेतले. १९६१ साली बंगळूरला, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने, एच.एम.टी.चा घड्याळांचा कारखाना निघाला आणि आमच्यासारख्या घरांतून मनगटी घड्याळ आले. २०१६ साली सरकारने तो घड्याळांचा उद्योग बंद करण्याचा निर्णय घेतला. पण अण्णांच्या ‘जनता’ला ती बातमी कोणी कळवली नसावी. ते चालूच राहिले. रोज सकाळी सात वाजता, चहाच्या आधी, अण्णा त्याला मोजून किल्ली देत. त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोलायचे नाही, आणि घड्याळाला हात लावण्याची तर आम्हां भावंडांची प्राज्ञाच नव्हती.

तीनेक वर्षांपूर्वी संधिवाताने त्यांची बोटे आखडली. किल्लीची ती मुगाच्या दाण्याएवढी टिकली चिमटीत धरवेना. एके सकाळी त्यांनी काही न बोलता घड्याळ माझ्यापुढे केले आणि तेव्हापासून किल्ली देणे माझ्याकडे आले. आता मी पडलो विसरभोळा. कधी कॉलेजची घाई, कधी पेपर तपासण्याचे ओझे. किल्ली राहून जाई आणि घड्याळ दुसऱ्या दिवशी कुठेतरी अडून बसे. अण्णा एका शब्दाने बोलत नसत. फक्त जेवायला बसताना विचारीत, “किती वाजले रे?” त्या ‘रे’ने माझ्या घशाखाली घास उतरत नसे.

तर असे ते उन्हावर चालणारे घड्याळ. पण अण्णांनी ते लगेच हातावर चढवले नाही. “आधी तू महिनाभर घाल. खरंच चालतं का बघ. मग मी घालीन,” असे त्यांनी मला फर्मावले. मास्तरच ते! तपासल्याशिवाय वहीवर सही करतील कसे?

मी मराठीचा प्राध्यापक. यंत्राशी माझा संबंध पंखा लावणे आणि बंद करणे एवढाच. तरीही पितृआज्ञा म्हणून भावाने पूर्ण भरून दिलेले ते घड्याळ मी घातले आणि रोज रात्री त्यात किती टक्के वीज उरली ते एका वहीच्या मागच्या पानावर लिहू लागलो. शंभर, शहाण्णव, ब्याण्णव, अठ्ठ्याऐंशी... ऊन पडो वा न पडो, रोज चार टक्के गळत होते. नळाची तोटी नीट बंद केली नाही म्हणजे बादलीखाली कसे थेंब थेंब पाणी सांडते, तसे. तीन आठवडे होऊन थोडे दिवस गेले आणि घड्याळाने मान टाकली. मला रागच आला. मी काही तळघरात राहत नव्हतो. आमच्या कॉलेजला खिडक्या आहेत, वर्गात लख्ख उजेड असतो, स्कूटरवरून जाता-येता ऊन लागते. मग हे घड्याळ त्या उन्हाचे करते काय?

आमच्या कॉलेजातले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक स्नेही आहेत. त्यांच्याकडे गाऱ्हाणे नेले तेव्हा ते म्हणाले, “दोष घड्याळाचा नाही. तुमचे डोळे लबाड आहेत.” आणि प्रयोगशाळेतले प्रकाश मोजण्याचे यंत्र घेऊन ते मला कॉलेजभर हिंडवू लागले. प्रकाश लक्स या मापाने मोजतात. प्राध्यापकांच्या खोलीत, जिथे मी आरामात वर्तमानपत्र वाचतो, तिथे निघाले ३०० लक्स. खिडकीजवळ हजारभर. बाहेर झाडाच्या सावलीत १०,००० च्या आसपास. आणि मैदानाच्या मधोमध, डिसेंबरच्या भर दुपारी, ८०,००० च्या घरात! म्हणजे खोलीतून मैदानात आलो की उजेड अडीचशे पटींहून जास्त होतो, आणि आपले डोळे बाहुली बारीक करून, आतल्या आत जुळवून घेऊन आपल्याला भासवतात की थोडे जास्त उजळले, एवढेच. घड्याळाला ही मुत्सद्देगिरी येत नाही. त्याला जेवढे मिळाले तेवढेच ते जमा धरते.

“शिवाय,” माझ्या हाताकडे बोट दाखवून ते म्हणाले, “तुम्ही पूर्ण बाह्यांचा सदरा घालता.”

स्कूटरवरचे माझे सगळे ऊन बाहीला पोहोचत होते!

मग मी बारीक अक्षरांतला मजकूर वाचायला लागलो. (आमच्या घरातले घड्याळ कोणत्या कंपनीचे ते सांगत नाही, जाहिरातीचा मोबदला मिळणार नसेल तर सांगावे तरी कशाला?) गार्मिन कंपनीने २०२० साली काढलेल्या ‘इन्स्टिंक्ट सोलर’ या घड्याळाचेच उदाहरण घ्या. उन्हाविना ते २४ दिवस चालेल, उन्हासह ५४ दिवस, असे कंपनी सांगते. दुपटीहून अधिक! पण त्याखाली अट आहे: घड्याळ दिवसभर हातावर हवे आणि त्यातले तीन तास रोज ५०,००० लक्सच्या उघड्या उजेडात गेले पाहिजेत. माझ्यासारख्या पुस्तकी माणसाला तीन तास तसे ऊन आठवड्यात तरी मिळते का, याची शंकाच आहे. आणि वाट आखणारी उपग्रहांची यंत्रणा चालू ठेवली तर गणित आणखी बदलते. त्याच घड्याळाला उन्हाविना ३० तास, उन्हासह ३८. म्हणजे लोहगड-विसापूर करून राजमाचीला निघालेल्या भटक्याला सूर्य फार तर एका दिवसाची जादा चाल देतो; तीही वाटेत झाडी, धुके आणि अंगरख्याची बाही आडवी आली नाही तर.

याचे कारण समजल्यावर मला कंपनीची कीव आली. भर दुपारी चौरस मीटरभर जागेवर सुमारे हजार वॅट इतके ऊन पडते खरे. पण घड्याळाची काच ती केवढी! जुन्या रुपयापेक्षा फार मोठी नाही. त्यातही आकडे दिसले पाहिजेत म्हणून वीज करणारा थर जवळजवळ पारदर्शक ठेवावा लागतो; खरी कमाई कडेच्या बारीकशा कड्याची. हाती पडतात ते मोजके मिलिवॅट. साध्या घड्याळाला तेवढे रग्गड होतात. सिटिझनने, आमच्या ‘जनता’चे बारसे जेवलेल्या त्याच सिटिझनने, प्रकाशावर चालणारे काट्यांचे घड्याळ १९७६ सालीच काढले होते. वाण्याच्या दुकानातला काळ्या पट्टीचा गणकयंत्राचा डबा ट्यूबलाइटखाली वर्षानुवर्षे बेरजा करतो, तोही याच बळावर. पण त्यांची भूक मुंगीची. धावणाऱ्याच्या घड्याळाला रात्रंदिवस नाडी मोजायची, पावले मोजायची, आकाशातल्या उपग्रहांशी बोलायचे; त्याचे पोट तेवढ्यावर कसे भरणार? १९०८ साली आमच्या शेजारच्या तळेगावात पैसा फंडाने काच कारखाना काढला, तो लोकांकडून एकेक पैसा गोळा करून. ही काचसुद्धा उन्हाचा पैसा फंडच आहे. थेंबे थेंबे तळे साचते हे खरे, पण तळ्याला मोरी किती मोठी आहे तेही पाहावे लागते.

माझा अहवाल ऐकून भावाचे तोंड पडले. अण्णा मात्र म्हणाले, “तुझ्या हातावर नाही चाललं. माझ्या हातावर बघू.” आणि जानेवारीत घड्याळ त्यांच्या मनगटावर गेले.

आमचे गाव तळेगाव दाभाड्याहून औद्योगिक वसाहतीकडे जाताना इंद्रायणी ओलांडली की लागते. आजूबाजूच्या पुष्कळ जमिनी कारखान्यांत गेल्या. आमची दोन-तीन भाताची खाचरे तेवढी उरली आहेत. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली काढलेला इंद्रायणी तांदूळ आम्ही त्यात लावतो. निवृत्तीनंतर अण्णांचा दिवस तिथेच जातो. काम फारसे करवत नाही, पण बांधावर उभे राहायचे, काठीने ढेकूळ फोडायचे, गड्याला सूचना द्यायच्या. अंगात अर्ध्या बाह्यांची बंडी, काठीवर डावा हात, आणि त्या हातावर आभाळाकडे तोंड करून घड्याळ!

पंधरा दिवसांनी मी आकडा पाहिला आणि चाट पडलो. जेवढा होता तेवढाच होता. पुढे फेब्रुवारी-मार्चात तो वर सरकू लागला. आणखी एक गंमत म्हणजे, आपल्या मोबाइलचा पडदा उन्हात काळवंडतो, तर या घड्याळाचे आकडे उन्हात अधिकच ठळक दिसतात. अण्णांना ते चष्म्याशिवाय वाचता येऊ लागले. ‘किती वाजले रे?’ हा प्रश्न आमच्या घरातून नाहीसा झाला. धावणाऱ्या तरुणांसाठी केलेले ते घड्याळ शोभले अखेर एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, काठी टेकत चालणाऱ्या माणसाला. बाहीचा नि बंडीचाच तो फरक!

पण याच सुखात एक कुसळ होते. फेब्रुवारीच्या अखेरीस अण्णा बांधावर चक्कर येऊन खाली बसले. गड्याने धरून घरी आणले. डॉक्टरांनी उन्हात फिरायचे नाही असे बजावले, आणि सौ. ने व मी मिळून नियम केला की दहाच्या आत घरी यायचे. अण्णांनी मान डोलावली. आम्ही दोघेही नोकरीवर जाणारे. दुपारी घरी कोण? एप्रिलमध्ये एका संध्याकाळी मी सहज घड्याळ पाहिले. सकाळी त्रेसष्ट होते, आता पासष्ट. त्यात मागच्या सहा तासांच्या उन्हाचा आलेखही दिसतो. तो भिंतीसारखा सरळ वर उभा होता.

“अण्णा, आज दुपारी कुठे होतात?”

“कुठं असणार? पडवीत.”

“पडवीत एवढं ऊन येत नाही.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. खाचरात राब भाजायचा होता, हे मलाही ठाऊक होते. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग ते शांतपणे म्हणाले, “म्हणजे हे माझ्या हातावर बसून चाकरी तुझी करतंय.”

आयुष्यभर त्यांनी माझ्या वह्या तपासल्या, पण मी खोटे लिहिले आहे असे ते कधी म्हणाले नव्हते. आज मी त्यांना तसे म्हटले होते. माझे चुकले का? चक्कर खरी होती. ते पुन्हा पडले असते तर? हा वाद माझ्या मनाशी अजून मिटलेला नाही. एवढे मात्र केले, की त्या दिवसापासून तो आलेख उघडून पाहणे मी सोडले.

अण्णांनी घड्याळ काढून ठेवले नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून ते साडेसहाला जाऊन नवाच्या ठोक्याला घरी येऊ लागले. इतके काटेकोर, की मलाच अपराधी वाटावे. मध्यंतरी एकदा सौ. ने, ऊनच हवे ना बिचाऱ्याला, म्हणून ते घड्याळ गच्चीवर कुरडयांच्या शेजारी वाळत घातले. ते तापून असे काही रुसले की भरेचना. अति तापले की अशी घड्याळे आपणहून ऊन घेणे बंद करतात, हे आम्हांला मागाहून कळले. कुरडया मात्र छान वाळल्या.

दहा-बारा दिवसांनी अण्णांनी मनगट माझ्यापुढे केले. आकडा उतरत चालला होता.

“बघ,” ते म्हणाले, “दिवस कासराभर वर येतो न येतो तोच मी घरी. कोवळ्या उन्हानं याचंसुद्धा भागत नाही.”

मला हसू आले, आणि त्या शब्दाने मी जरा थबकलोही. कासरा म्हणजे बैलाचा दोर. क्षितिजापासून तेवढ्या दोराइतका सूर्य वर आला म्हणजे कासराभर दिवस. वर्गात हा शब्द समजावून सांगताना मला आता फळ्यावर दोर काढावा लागतो. कोवळे ऊन, तिरपे ऊन, टळटळीत ऊन, रणरणते ऊन, कलती उन्हे: आपल्या पूर्वजांनी उन्हाची केवढी उतरंड रचून ठेवली आहे! स्नेह्यांचे यंत्र उसने आणून मी एका रविवारी बांधावर बसलो. कासराभर दिवसाला २०-२५ हजार लक्स भरले. टळटळीत उन्हाला लाखाच्या आसपास. शब्दांची उतरंड आणि आकड्यांची उतरंड जागच्या जागी बसली. म्हणजे अण्णांची तक्रार शास्त्रशुद्ध होती. सूर्य खाली असला की तेच किरण जास्त जागेवर पसरतात आणि काचेच्या वाट्याला थोडे येतात.

शेवटी तह झाला. डोक्याला पंचा, सोबत गडी, खिशात फोन, आणि अकरापर्यंत मुभा. डॉक्टरांना पुन्हा विचारले. त्यांनी नाइलाजाने होकार दिला. आकडा जिथल्या तिथे थांबला.

आणि मग अण्णांचा तो पहिला प्रश्न पुढे आला. २०२५ साली पाऊस २६ मे रोजीच मुंबई-पुण्यावर येऊन थडकला. मावळातला पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला सांगायला नको. लोणावळ्याकडून आभाळ एकदा उतरले की दिवसच्या दिवस भंडाऱ्याचा डोंगर दिसत नाही. दाट ढगांखाली भर दुपारी लक्स मोजावेत तर दोन-चार हजार. घड्याळाची पुन्हा तीच गळती सुरू झाली, रोज चार टक्के. लावणीच्या दिवसांत अण्णांना चिखलात उतरू देणे शक्यच नव्हते. ते पडवीत बसून खाचराकडे बघत आणि मी संध्याकाळी आलो की आकडा सांगत. त्रेचाळीस. एकतीस. एकोणीस. आलेख न पाहताही मला कळत होते की त्यांचा दिवस कसा गेला. जुलैमध्ये ते बारावर आले तेव्हा मी भावाने दिलेली ती दोरी शोधून काढली आणि घड्याळ भिंतीतल्या विजेला लावले.

“अण्णा, तुमचाच प्रश्न बरोबर होता. पावसाळ्यात नाही चालत.”

“न चालायला काय झालं?” अण्णा म्हणाले. “पावसाळ्यात सगळ्यांनाच घरातलं खावं लागतं. कणगी त्यासाठीच असते.”

तीन आठवड्यांतून एकदा, रविवारी, ते काम माझ्याकडे होते. ‘जनता’ला रोज किल्ली द्यावी लागे, त्यापेक्षा हे बरे. आणि एकदाही विसरलो नाही, हे मी जरा अभिमानानेच लिहितो. कदाचित सौ. ने दिनदर्शिकेवर लाल फुल्या मारून ठेवल्या होत्या म्हणून असेल.

गणपती गेले, नवरात्र आले, आणि आभाळ धुऊन काढल्यासारखे झाले. भात निसवले. परवा सकाळी सात वाजता मी ‘जनता’ला किल्ली देत होतो. (ती सवय मोडवत नाही; घड्याळ कपाटात असते, पण चालू असते.) मागून काठीचा आवाज आला. अण्णा पंचा गुंडाळून, बाहेर पडायच्या तयारीत उभे होते. त्यांनी डावा हात पुढे केला.

“किती?”

“एकसष्ट.”

“काल?”

“साठ.”

“हं,” असे म्हणून त्यांनी गड्याला हाक मारली आणि ते पायऱ्या उतरू लागले.